अप्पांचा तीन नंबरचा ब्रश

सकाळी तोंड धुवायला बेसिनपाशी गेले आणि किंचाळलेच. "सई! अगं ए सई! हे काय करून ठेवलंस?"

कपात चार ब्रश उभे होते आणि कप कोरडा ठणठणीत. प्रत्येक ब्रशाच्या टोकाला रंगाची गाठ. बोटानं दाबून बघितली तर दबेना. एक ब्रश बेसिनच्या कडेवर आपटला तर टक्क आवाज आला. केसांचा असा आवाज येत नाही, लाकडाचा येतो.  आता कुणी म्हणेल, बाई, चार ब्रश वाळले तर एवढं हादरायला काय झालं? झालं. मी हादरते. सदुसष्ट वर्षांची झाले तरी हादरते.

सई, म्हणजे माझी नात, डोळे चोळत आली. चौदा वर्षांची आहे. पुढच्या आठवड्यात तिची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा. घरात सगळीकडे कागद, पट्ट्या, खोडरबराचा भुगा. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, काल नळाचा दिवस नव्हता ना. टाकीतलं पाणी कशाला घालवायचं? म्हटलं, उद्या पाणी आलं की धुते."

मी तिथेच प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. हेच वाक्य. अगदी हेच. पन्नास वर्षांपूर्वी याच गावात, याच परीक्षेच्या दिवसांत मी म्हणाले होते. मी ते रडत म्हणाले होते आणि ही पोरगी मात्र जांभया देत म्हणत होती.

आमच्या सोलापुरात पावसाचा भरवसा नाही, पण ग्रेड परीक्षेचा मोसम काही चुकत नाही. गणपती उठले की दुकानांतून ड्रॉईंग पेपरच्या गुंडाळ्या खपायला लागतात. दुपारचं ऊन भाजतं, पंख्याखाली कागद उडतो म्हणून पंखा बंद करायचा आणि कोपरातून घाम गळून चित्रावर पडला की भोकाड पसरायचं. मी बत्तीस वर्षं शाळेत ड्रॉईंगची बाई होते. बत्तीस वेळा हा मोसम वर्गात काढला. पहिल्या तासाला मी पोरांना पेन्सिल धरायला सांगत नसे, आधी ब्रश धुवायला शिकवत असे. पाण्यात खळबळायचा, तळहातावर साबण घेऊन गोल फिरवायचा, बोटांनी पोट दाबून बघायचं, पुन्हा खळबळायचा. रंग यायचा थांबेपर्यंत. पोरं मला पाठीमागं ब्रशबाई म्हणायची. म्हणू देत. कारण त्यांना काय माहीत?

बाहत्तरचं साल. दुष्काळाचं म्हणून आमच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस आलाच नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि अव्वा, म्हणजे माझी आई, दर भाकरीला "अय्यो शिवा" म्हणायची. घरात आम्ही तिघंच. अप्पा, अव्वा आणि मी. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत अप्पांचं तिरकं टेबल. पाणी आठवड्यातून दोनदा यायचं, मंगळवारी आणि शनिवारी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. बाकीचे दिवस हंडे, कळशा, तांबे सगळं झाकून ठेवलेलं आणि अव्वाची त्यावर पोलिसासारखी नजर.

अप्पा चादरीची नक्षी काढायचे. लोकांना सोलापुरी चादर माहीत असते, तिच्यावरचा मोर कुठून येतो ते माहीत नसतं. तो आधी कागदावर येतो. बारीक चौकटींचा मोठा ग्राफ घ्यायचा आणि एकेक चौकट रंगानं भरत न्यायची. एक चौकट चुकली की मोराच्या मानेला पोक येतो. ग्राफ पुरा झाला की तो बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात आणि मग मोर चादरीवर उतरतो. अप्पांनी उभा जन्म चौकटी भरल्या. त्यांच्या हातून मी कधी मोकळी रेघ निघालेली पाहिली नव्हती. साधं गणपतीच्या मखराला रंग द्यायचा तरी ते मोजून द्यायचे.

त्यांच्याकडे एक ब्रश होता. तीन नंबरचा, काळ्या दांड्याचा, पितळी पट्टीचा. त्यांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी तो अप्पांच्या हातात दिला होता. पोट मोठं आणि टोक सुईसारखं, म्हणजे एकदा रंगात बुडवला की पन्नास-साठ चौकटी सहज भरायच्या. थंड मुलखातल्या कुठल्याशा जनावराच्या शेपटीचे केस होते त्याला. सोलापुरात तसा ब्रश दुसरा नव्हता. मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळायचे, पण त्यांचं टोक दुपारपर्यंत फाटायचं. अप्पा त्या ब्रशाचं टोक ओठांत धरून नीट करायचे. रंगात बुडव, चौकटी भर, ओठांत धर. आम्ही कांदा-लसूणसुद्धा श्रावणात न खाणारी माणसं, त्यामुळे अव्वाला ते बघवायचं नाही. "गंगे, बघ गं तुझ्या अप्पाला," ती मला मध्ये घालून बोलायची, "अंड्याचं नाव काढलं की आंघोळ करत्यात, आणि जनावराचं शेपूट तोंडात घालून बसत्यात की दिवसभर!" अप्पा ओठांतला ब्रश न काढताच हसायचे.

त्यांच्या ओठांवरून आज कोणत्या रंगाचं काम चाललंय ते कळायचं. कधी हिरवे ओठ, कधी किरमिजी. जेवायला बसायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसले की जायचे. ते पोस्टर कलर होते ना. पोस्टर कलर म्हणजे गरीब रंग. वाळला तरी पाण्याचा थेंब लावला की पुन्हा उठून बसतो.

त्यामुळेच आमच्या घरचा एक नियम होता. कामाचा ब्रश रोज धुवायचा नाही. एक तर पाणी नाही, आणि पोटात राहिलेला रंग उद्या लागणारच. टोक तेवढं फडक्यावर पुसायचं, ओठांत धरून नीट करायचं आणि ब्रश आडवा ठेवून द्यायचा. धुवायचे ते पाण्याच्या दिवशी, मंगळवारी किंवा शनिवारी. हा नियम दुष्काळानं घातला असला तरी अप्पा तो शास्त्रासारखा सांगायचे. मी तो शास्त्रासारखा पाळायचे. माझं वाटोळं झालं ते नियम मोडून नाही, नियम पाळून.

मल्लूमामा जर्मनीहून आला तो त्याच दिवसांत. अव्वाचा धाकटा भाऊ. गिरणीनं त्याला यंत्र शिकायला पाठवलं होतं. त्यानं अव्वाला स्टीलचा चिमटा आणला आणि मला रंगाच्या सहा नळ्यांची पेटी. "काय चमकतोय बघ," म्हणत त्यानं पेटीवरचं चित्र दाखवलं. आत एक घडीचा कागद होता, बारीक अक्षरात कायकाय लिहिलेलं. मी विचारलं, "मामा, काय लिहिलंय?" तो म्हणाला, "मला यंत्राचे शब्द कळतात बाई, रंगाचे नाही. दुकानातली म्हणाली, पाण्यात कालवायचे. झालं तर मग!" पाण्यात कालवायचे म्हणजे पोस्टर कलरच, फक्त परदेशी. ॲक्रिलिक हा शब्द आम्ही कुणी आयुष्यात ऐकलेला नव्हता. अप्पांनी एक नळी हातात घेतली, टोपण उघडलं, वास घेतला. परत लावलं. "परीक्षेला वापर," म्हणाले. त्यांची नजर मात्र पेटीवरून हलेना. हे मला आता आठवतं की तेव्हाच दिसलं होतं, देव जाणे.

रविवारी अव्वा आणि मी रेशनच्या रांगेत उभ्या होतो, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. पाय दुखून आले होते. रांगेत पुढच्या बाईच्या वेणीत शेवंतीची एकच कळी होती, सुकलेली. अव्वा तिच्याकडे बघत म्हणाली, "यंदा फूल म्हणून दिसलं न्हाय बघ." तिला शेवंतीचं वेड. एरवी गणपतीपासून थेट दिवाळीपर्यंत तिच्या अंबाड्यावर पिवळी वेणी असायची. रात्री जेवताना तिनं अप्पांकडं बघितलं आणि मला म्हणाली, "विचार गं, मोराला आज पिवळं लावलं का काय? ओठ बघ की." अप्पांच्या खालच्या ओठावर पिवळा ठिपका होता. मी खदखदून हसले, "अप्पा, तुम्हाला हळद लागली!" त्यांनी तो बोटानं पुसला. निघाला नाही. ते खाली मान घालून जेवत राहिले. या मोरात पिवळा नव्हताच, किरमिजी आणि हिरवा दोनच रंग होते. पण हे सगळं मला सुचायला पन्नास वर्षं लागली.

सोमवारी अप्पा अर्धा झालेला ग्राफ घेऊन कारखान्याच्या मालकांना दाखवायला गेले. मी शाळेतून आले, सरावाचा कागद लावला. मला संकल्पचित्रात एक वेल हवी होती, निळी, देठ केसासारखे बारीक. माझे दोन्ही ब्रश फाटक्या झाडूसारखे. अप्पांचा तीन नंबर समोर टेबलावर आडवा. त्याला हात लावायचा नाही हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. लावला. एकदाच, दहा मिनिटं, म्हणून घेतला. निळी नळी उघडली, वाटीत रंग कालवला, वेल ओढली. ब्रश मला थोडा हट्टी वाटला. टोक वळत होतं, पण पोट हवं तसं दबत नव्हतं, रंगही कमी धरत होता. म्हटलं, अप्पांचा हात लागतो त्याला, माझ्या हाताला कसा वळेल? वेल मात्र अशी उतरली की मीच बघत बसले. मग फडक्यावर टोक पुसलं, ओठांत धरून नीट केलं आणि ब्रश होता तिथं, होता तसा आडवा ठेवला. माझे दोन ब्रशही ठेवले. उद्या मंगळवार. पाणी आलं की धुऊ.

मंगळवारी सकाळी नळ फुसफुसला, मी वाटी भरली आणि तिन्ही ब्रश पाण्यात सोडले. पाण्याला रंग येईना. ढवळले. रंग येईना. बाहेर काढून बोटात धरले. तिन्ही ब्रश काड्या झाले होते. अप्पांच्या ब्रशाचं ते सुईसारखं टोक आता खरंच सुई झालं होतं, टोचणारी. मी दाबलं, चोळलं, दातानं चावलं. रंग चावला जातो, दातात निळी साल येते, पण केस सुटत नाहीत. मला वाटलं, मी झोपेत आहे. रंग पाण्यात विरघळत नाही, हे म्हणजे मीठ पाण्यात विरघळलं नाही तर कसं वाटेल तसं होतं.

गरम पाणी केलं. साबण लावला. खोबरेल झालं, रॉकेल झालं, धुण्याचा सोडा झाला. माझा एक ब्रश उकळत्या पाण्यात धरला तर केसांचा अख्खा झुबका पट्टीतून सुटून भांड्यात तरंगायला लागला. तेवढ्यात अव्वानं बघितलं. अर्धी कळशी पाणी गेलेलं, रॉकेल सांडलेलं आणि माझ्या हातात अप्पांचा ब्रश. "मेले! त्यांचा बुरूस? त्यांचा बुरूस घेतलीस?" आणि गालावर एक सणसणीत बसली. अव्वानं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मी रडत म्हणाले, "काल पाणी नव्हतं म्हणून म्हटलं, आज आलं की धुते."

अप्पा पडवीतून आले. त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, नखानं टोकावर टकटक केली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता तेही मारणार. त्यांनी विचारलं, "कुठला रंग घेतला होतास यात?"

"निळा."

"फक्त निळाच?"

"हो अप्पा. देवाशपथ. एकदाच घेतला."

ते ब्रशाकडे बघत राहिले. मग पुन्हा, अगदी हळू, "फक्त निळा." अव्वाच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. अप्पा तिच्याकडे वळून म्हणाले, "तिला बोलू नको. ब्रश माझा, चूक माझी."

 मी तर त्यांच्या पायाशी बसून आणखीच रडले. असा बाप कुणाला मिळतो? पोरीनं आयुष्याची भाकरी मोडली आणि हा म्हणतो, चूक माझी! हे वाक्य मी पुढे लग्नात, शाळेत, हळदीकुंकवात शंभर वेळा सांगितलं असेल. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझेही.

त्यांनी ब्रश कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. मोराची मान मुंगसाच्या ब्रशानं भरायला घेतली. चौकटींच्या कडा फुगायला लागल्या, दोनदा अख्खा कागद बाद झाला. ते खिडकीशी जाऊन कागद उजेडात धरायचे आणि परत येऊन बसायचे. सणाच्या आधी मोर हवा होता, मालक थांबेनात. ते काम पुण्याहून शिकून आलेल्या एकाला गेलं, त्याच्यामागून पुढचंही गेलं. अप्पा पुठ्ठ्यांना भोकं पाडायला बसले. दुसऱ्याच्या ग्राफकडं बघून, ठक, ठक, ठक. एकोणीस वर्षं. पडवीतलं तिरकं टेबल आडवं झालं आणि त्यावर अव्वा पापड वाळत घालायला लागली. संध्याकाळी अप्पा घरी यायचे तेव्हा ओठ कोरे असायचे. मला ते कोरे ओठ बघवायचे नाहीत. कुणी मला काही बोललं नाही, पण मला माहीत होतं, त्यांच्या हातातला ब्रश मी काढून घेतला.

परीक्षा मी दिली. बघवत नव्हता तरी तोच निळा वापरला. पास झाले, पुढं शिकले, ड्रॉईंग टीचर झाले. पहिल्या पगाराच्या दिवशी पेढे घेऊन अप्पांच्या पाया पडले आणि रडू फुटलं. म्हटलं, "अप्पा, तुमचा ब्रश घालवून मी ही नोकरी कमावली." ते ओशाळल्यासारखे हसले. म्हणाले, "नाही गं गंगा. ती माझीच चूक होती. तू उगाच..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "किती मोठं मन आहे तुमचं अप्पा!" असं म्हणून मी त्यांच्या हाताला मिठी मारली. त्यांनी तोंड उघडलं होतं, त्यात मी पेढा कोंबला.  पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

अप्पा गेले, नऊ वर्षांनी अव्वा गेली. त्या घरातून मी दोनच वस्तू आणल्या. कागदात गुंडाळलेला ब्रश आणि अव्वाचा पाट. आमच्याकडे पाट सहा होते. लग्नकार्याला शेजारी पाट मागून नेतात, परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून पाठीमागं लाल ऑइलपेंटनं अक्षरं काढतात. पाच पाटांवर अप्पांची आद्याक्षरं होती. अव्वाच्या पाटामागं अक्षरं नव्हती, एक पिवळं फूल होतं. ती खुणेची जागा असते, तसं खुणेचं फूल. तो पाट अव्वानं कधी कुणाला मागून दिला नाही आणि जेवण झाल्यावर भिंतीला लावायची तेव्हा फुलाची बाजू भिंतीकडे करून लावायची. का, असं मी विचारलं नाही. आपल्या घरातल्या वस्तू अशाच असतात, असं वाटत राहतं.

आता सकाळची गोष्ट. मी स्टुलावर बसलेय. सई म्हणाली, "आजी, एवढं काय? थांब." तिनं मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि कपाटातून करोनातली सॅनिटायझरची बाटली काढली. वाटीत ओतलं, त्यात ब्रश बुडवले. दहा मिनिटांनी बोटांनी चोळलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळलेला ॲक्रिलिक मऊ पडला, सालपटं सुटायला लागली. मी बघतच राहिले. पोरीचे चारही ब्रश सुटले. हात चोळायच्या त्या औषधानं! बत्तीस वर्षं मी ब्रश वाळू देऊ नका म्हणून ओरडले, वाळलेला सुटतो की नाही ते बघायची मात्र हिंमत झाली नव्हती.

मी उठले, कपाटातून अप्पांचा ब्रश काढला. सई म्हणाली, "हा पण? हा तर ऐतिहासिक आहे." मी म्हटलं, "टाक."  एवढ्या वर्षांनी काय हाती लागणार होतं? पण वाटलं, एकदा केस तरी मोकळे दिसू देत.

याला वेळ लागला. तीनदा वाटी बदलली. चोळता चोळता निळी साल सुटली. माझीच निळी, सोमवारची. ती सालपटं वाटीच्या तळाशी बसली. मग मी पट्टीजवळ, केसांच्या मुळाशी, नख लावून दाबलं. मुळाशी अजून घट्ट होतं. दाबलं, चोळलं, आणि बोटावर रंग आला.

पिवळा.

मी चष्मा पुसला. परत दाबलं. पिवळाच. निळ्याच्या आत, केसांच्या मुळाशी, निळ्याच्या आधी वाळलेला. पोस्टर कलर असता तर त्या मंगळवारच्या गरम पाण्यातच निघून गेला असता. तो त्या पेटीतलाच पिवळा होता. आणि मी पिवळी नळी उघडलीच नव्हती. परीक्षेच्या दिवशी उघडली तेव्हा ती पोटात चेपलेली होती, मला वाटलं मामाच्या बॅगेत चेपली.

"आजी? आजी, काय झालं?" सई घाबरली. मी उठून आत गेले. देवघरापाशी अव्वाचा पाट होता, त्यावर मी पूजेला बसते. तो उलटा केला. फूल तिथंच होतं, थोडं विटलेलं. मी बत्तीस वर्षं ड्रॉईंग शिकवलं, आणि मला, मला कधी सुचलं नाही की हा ऑइलपेंट नाही! कापसाला सॅनिटायझर लावून एका पाकळीच्या कडेला अगदी हळू टेकवलं. कापूस पिवळा झाला. मी पटकन हात मागं घेतला.

शेवंती होती ती. मोजून, चौकटीत बसवलेली नव्हती. पाकळ्या वेड्यावाकड्या, एक मोठी, एक लहान, एकीच्या टोकाशी ब्रश घसरलेला. हात न बसलेल्या माणसाची मोकळी रेघ. आम्ही दोघी रेशनच्या रांगेत उभ्या होतो त्या रविवारी दुष्काळात कुठंच न मिळालेलं फूल अप्पांनी बायकोच्या पाटामागं काढलं होतं. आणि मग टोक पुसून, ओठांत धरून, ब्रश आडवा ठेवून दिला होता. पाण्याच्या दिवशी धुऊ म्हणून.

मी सोमवारी हात लावला तेव्हा तो ब्रश मुळाशी मेलेलाच होता. म्हणून हट्टी वाटला. म्हणून "फक्त निळाच?"

आधी मला इतका राग आला की पाट खाली आपटावासा वाटला. अहो अप्पा, पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी तुमच्या कोऱ्या ओठांची गुन्हेगार म्हणून जगले. तुमच्या प्रत्येक ठक-ठकला माझ्या काळजात एक भोक पडायचं. अव्वाची ती थप्पड माझी नव्हतीच, निदान अर्धी तरी नव्हती. एवढं फूल काढायची हिंमत केलीत, मग तोंड उघडायला काय झालं होतं? मी देवघरासमोर बसून मोठमोठ्यानं रडत होते आणि मध्येच हसूही येत होतं, कारण ओठावरची ती हळद मला आता स्वच्छ दिसत होती आणि खाली मान घालून मिलोची भाकरी खाणारे अप्पाही. अव्वाला ते फूल कधी दिसलं, ती काय म्हणाली, कोण सांगणार? तिनं ते भिंतीकडे तोंड करून जन्मभर झाकून ठेवलं, एवढंच आहे.

सईला सगळं सांगितलं. ती पाटावरच्या फुलाकडं बघत, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे पणजोबा सगळ्यांशी खोटं बोलले?"

 मला त्या मंगळवारची पडवी आठवली. हातात ब्रश, पांढरा पडलेला चेहरा, आणि ते वाक्य, जे मी गावभर सांगून लोकांना रडवलं. पगाराचा दिवस आठवला. उघडलेलं तोंड, आणि त्या तोंडात मी कोंबलेला पेढा.

"नाही गं," मी म्हटलं. "ते दोनदा खरं बोलले. मीच ऐकलं नाही."